निकालाची नक्कल हातात आली, आता ती वाचायची कशी?

आमच्या तालुक्याच्या कोर्टासमोर कडुनिंबाखाली सिमेंटचा एक बाक आहे. निकालाच्या दिवशी तिथे बसलेल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो: "वकीलसाहेब, जितलो का हारलो, तेवढं सांगा ना जी." मी सांगतो. तो गावी जातो, पानठेल्यावर बोलतो, आणि दोन दिवसांत निकालाची निराळीच आवृत्ती फिरायला लागते. "कोर्टानं सांगितलं, वावर त्याचं नाहीच." निकालपत्रात तसं एक अक्षर नसतं.

यवतमाळ जिल्ह्यात दिवाणी कामं करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. जिंकलं कोण, ही निकालातली सगळ्यात कमी उपयोगाची माहिती. कोर्टाला नेमका कोणता प्रश्न विचारला होता ते आधी शोधायचं. कोर्ट विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देतं, आणि गावातली निम्मी भांडणं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर निकालात वाचल्यामुळे पुढे चालू राहतात. खाली सांगतो ती पद्धत मी नवीन ज्युनिअरला शिकवतो, आणि बारावी झालेल्या कुठल्याही पोराला ती जमते.

कागद पूर्ण आहेत का?

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एका पानाचा फोटो म्हणजे निकाल नव्हे. नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्र आणि हुकूमनामा, दोन्हींच्या सही-शिक्क्याच्या नकला घ्या. निकालपत्रात कारणं असतात. हुकूमनाम्यात फक्त काय मिळालं, काय नाही आणि खर्च कोणावर, एवढंच. प्रकरण दुसऱ्याचं असेल आणि तुम्हाला नुसतं समजून घ्यायचं असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर सीएनआर नंबर, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाका. हा सोळा अक्षर-अंकांचा नंबर असतो, महाराष्ट्रातला 'एमएच'ने सुरू होतो आणि शेवटचे चार आकडे वर्षाचे असतात. पक्षकाराच्या नावावरूनही शोधता येतं, पण आमच्याकडे एका आडनावाची अर्धी वस्ती असते, त्यामुळे नंबर असलेला बरा.

निकालाच्या जोडीला वादपत्र, समोरच्याचा लेखी जबाब आणि ज्या दस्तांवर भांडण आहे ते मिळवा: सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा. निकालात "निशाणी २७" असं आलं की ती निशाणी म्हणजे कोणता कागद हे समोर दिसलं पाहिजे. नाहीतर वाचणं म्हणजे आंधळ्याने हत्ती चाचपणं.

तारखांची पट्टी

वहीचं एक पान आडवं धरा आणि फक्त तारखा लिहा. खरेदी कधी, फेरफार कधी, वडील वारले कधी, धुरा (शेताचा बांध) कोरला कधी, दावा टाकला कधी. दहा मिनिटांचं काम आहे, पण यातच पुष्कळ प्रकरणं उलगडतात. मालकीच्या आधारावर ताबा मागायला बारा वर्षं असतात, आणि ती समोरच्याचा ताबा मालकाच्या हक्काला आव्हान देणारा झाला तिथपासून मोजतात. नुसतं जाहीर करून मागायचं, म्हणजे "मी मालक आहे असं ठरवून द्या" म्हणायचं, तर साधारण तीन वर्षं. पट्टीवर दोन तारखांमध्ये चौदा वर्षांचं अंतर दिसलं की मुदतीचा मुद्दा आला असणार हे निकाल न वाचताही कळतं.

शेवटचं पान वाचा, मग उडी मारून मुद्द्यांवर या

पहिल्या ओळीपासून कादंबरीसारखं वाचत जाऊ नका. सुरुवातीची पानं दोन्ही बाजूंच्या म्हणण्याची असतात. "वादीचे म्हणणे थोडक्यात असे की" याखाली जे येतं ते कोर्टाचं मत नसतं. लोक इथेच फसतात. त्या परिच्छेदातली ओळ फोटो काढून पाठवतात आणि म्हणतात, "पाहा, जजसाहेबांनी लिहून देलं."

दिवाणी निकालात मध्येच कुठेतरी दोन रकाने येतात: डाव्या बाजूला मुद्दे, उजव्या बाजूला निष्कर्ष. सगळ्या निकालपत्राचा कणा तोच. समजावण्यापुरता एक दावा मी इथे रचतो. असे दावे आमच्याकडे पैशाला पासरी.

दोन सख्खे भाऊ, शेजारी-शेजारी वावरं, मधे धुरा. थोरल्याचं म्हणणं, धाकट्याने ट्रॅक्टर घालून धुरा सरकवला आणि नऊ आर दाबले. त्याने भूमी अभिलेखची मोजणी आणली, दिवाणी न्यायालय कनिष्ठ स्तर इथे दावा टाकला आणि ताबा मागितला. तीन वर्षांनी दावा फेटाळला. मुद्द्यांचं पान असं:

मुद्दा १. दाव्यातील गटाचा मालक वादी आहे हे वादी सिद्ध करतो का? होय.
मुद्दा २. प्रतिवादीने ०.०९ हेक्टर आर क्षेत्रावर अतिक्रमण केल्याचे वादी सिद्ध करतो का? नाही.
मुद्दा ३. दावा मुदतीत आहे का? होय.
मुद्दा ४. वादी ताबा मिळण्यास पात्र आहे का? नाही.
मुद्दा ५. काय आदेश? अंतिम आदेशाप्रमाणे.

आता नीट पाहा. थोरला हरला, पण मालकीच्या मुद्द्यावर तो जिंकला आहे. मुदतही त्याच्या बाजूने. तो पडला तो फक्त दुसऱ्यावर, आणि चौथा दुसऱ्याच्या मागे आपोआप गेला. "वावर त्याचं नाहीच" ही गावातली बातमी तर सरळ खोटी ठरते. "धाकट्याने जमीन दाबली नाही असं कोर्टानं ठरवलं", हेही पूर्ण खरं नाही. मुद्द्यातला शब्द "सिद्ध करतो का" असा आहे. घडलं की नाही यापेक्षा दाखवता आलं की नाही, हा तो प्रश्न. कोणावर दाखवायची जबाबदारी होती हेही त्याच ओळीत लिहिलेलं असतं.

मग मुद्दा २ च्या कारणांकडे जा, आणि फक्त तिकडेच. इथे हातात दोन पेनं ठेवायची. साक्षीदार काय म्हणाला ते निळ्याने अधोरेखित करा, त्यावर कोर्ट काय म्हणालं ते लाल्याने. आपल्या दाव्यात निळ्याने काय सापडतं? भूकरमापक साक्षीला आला. उलटतपासणीत त्याने कबूल केलं की मोजणीच्या वेळी लगतच्या खातेदारांना नोटीस दिल्याचा कागद त्याच्याकडे नाही, कायम खुणा कोणत्या धरल्या ते नकाशावर दाखवलेलं नाही, आणि धाकट्याचा गट मोजलाच नाही, नुसता थोरल्याचा मोजला. लाल्याने काय? "अशा परिस्थितीत सदर नकाशावरून अतिक्रमण झाल्याचा निष्कर्ष काढणे सुरक्षित होणार नाही."

प्रकरणाचा जीव त्या एका लाल ओळीत आहे. तीन वर्षं, पंचवीस पेश्या, वकिलाची फी आणि दोन घरांतलं बोलणं बंद, हे सगळं एका नोटिशीवर आणि खुणांवर येऊन अडकलं. मला विचाराल तर अशा दाव्यात सुरुवातीलाच कोर्ट कमिशनर (कोर्टाने जागेवर पाहणीला पाठवलेला माणूस) नेमून दोन्ही गटांची एकत्र मोजणी मागायला हवी होती. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २६ नियम ९ त्यासाठीच आहे. आपल्या लोकांना वाटतं मोजणीचा नकाशा आणला म्हणजे झालं. नकाशा आणणं आणि नकाशा शाबित करणं यांत वावराएवढं अंतर आहे.

मग वहीत तीन गोष्टी लिहा, प्रत्येकी एका वाक्यात: कोर्टासमोरचा प्रश्न, उत्तर आणि उत्तराचं कारण. "नऊ आर दाबले हे शाबित झालं का? नाही. कारण मोजणी एकाच गटाची, नोटीस न देता केलेली." तिसरं वाक्य लिहिता येत नसेल तर निकाल अजून समजला नाही, पुन्हा वाचा.

कोर्टाने ठरवलेलं आणि कोर्टाने बोललेलं

त्याच निकालात एखादं वाक्य असतं: "भावाभावांनी असे वाद आपसात मिटवावेत." किंवा, "वादीकडे खरेदीखत नसते तरीही कदाचित…" अशी वाक्यं वाचायला गोड असतात, लोक तीच पाठ करतात. निकालाचं उत्तर त्या वाक्यावाचून बदललं असतं का, हे विचारा. नसेल बदलत तर ते ओघात आलेलं बोलणं. पुढच्या प्रकरणात ते बांधील धरत नाहीत. ज्या कारणावाचून निकाल उभाच राहत नाही, दाखला म्हणून चालतं ते कारण.

मनाई हुकमाच्या अर्जावरचा आदेशही असाच जपून वाचायचा. त्यात "प्रथमदर्शनी" हा शब्द दर दुसऱ्या परिच्छेदात असतो, आणि तो शोभेला नसतो, पुरावा पूर्ण तपासण्याआधीचं हे मत आहे असं तो सांगतो. स्टे मिळाला म्हणजे दावा जिंकला असं समजून फटाके वाजवणारे मी पाहिले आहेत.

एकच घटना, तीन न्यायालयं

आपल्या भागातलं एक प्रकरण कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात, आणि ते वाचल्याशिवाय विश्लेषण म्हणजे काय हे मला तरी समजलं नसतं. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने १९७४ साली पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने तो निकाल मिळतो. त्यातलं तुकाराम हे आरोपीचं नाव. पीडितेचं नाव त्या काळी सर्रास छापलं गेलं, आज तसं करणं गुन्हा आहे.

तीनही न्यायालयांपुढे साक्षीपुरावे तेच होते. मग उत्तरं का बदलली? तिन्ही निकाल शेजारी ठेवून फक्त "संमती" या मुद्द्यावरचे परिच्छेद वाचा. नागपूर खंडपीठाने म्हटलं, धाकापुढे हतबल होऊन गप्प राहणं आणि संमती देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नसण्याला वजन दिलं आणि दंडविधानाच्या त्या वेळच्या कलम ३७५ मध्ये (बलात्काराची व्याख्या) मृत्यूची किंवा दुखापतीची भीती असा शब्द आहे, तशी भीती पुराव्यात दिसत नाही असं धरलं. दुफळी झाली ती घटनेवर नव्हे, घटनेतून काय अर्थ काढायचा यावर. ठाण्यात, रात्री, दार बंद, समोर वर्दी, आणि ती पोर. या चार गोष्टींना पुराव्यात किती वजन द्यायचं, हा त्या निकालामागचा खरा कायदेशीर प्रश्न होता.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहून नेमकं याच जागी बोट ठेवलं. त्यांचं पत्र म्हणजे निकालाचं विश्लेषण कसं करावं याचा वस्तुपाठ आहे. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या बाईने कोर्टात "माझी संमती नव्हती" असं सांगितलं आणि संबंध झाल्याचं शाबित असलं, तर संमती नव्हती असं कोर्टाने गृहीत धरायचं, असं पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं. नुसता प्रतिकार केला नाही म्हणून संमती समजू नये, हे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्टच लिहून टाकलं.

म्हणून कुठलाही फौजदारी निकाल वाचताना विचारा: कोर्टाने एखादी गोष्ट घडलीच नाही म्हटलं, की घडली पण तिचा अर्थ वेगळा लावला? "निर्दोष सुटला" या दोन शब्दांखाली दोन्ही झाकलं जातं. आणि तारीख पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनंच दंडविधान लागतं. कलमांचे आकडे जुने दिसले म्हणून निकाल चुकीचा ठरत नाही.

दाखला अजून उभा आहे का?

बहिणीचा हिस्सा हा विषय काढला की आमच्याकडे एखादा तरी जण जुना निकाल काढून दाखवतो. "बाप २००५ च्या आधी वारला, आता पोरींना काही नाही." तो निकाल खरा आहे, पण आता चालत नाही.

हिंदू वारसा कायद्याचं कलम ६ ९ सप्टेंबर २००५ पासून बदललं आणि वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्माने मुलासारखा हक्क मिळाला. महाराष्ट्राने १९९४ सालीच असा कायदा केला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. पुढे 'प्रकाश विरुद्ध फुलवती' या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ९ सप्टेंबर २००५ ला बाप आणि मुलगी दोघंही हयात हवेत. २०१८ मध्ये 'दानम्मा विरुद्ध अमर' या प्रकरणात बाप २००१ साली वारला असूनही मुलींना हिस्सा मिळाला. दोन्ही निकाल दोन न्यायमूर्तींचे, दोन्ही एकमेकांना टकरा देणारे. मग ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' मध्ये गुंता सोडवला: हक्क जन्माने आहे, ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असण्याची गरज नाही.

तरी इथेही थांबून वाचा, कारण निकालाच्या पोटात दोन अटी आहेत. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री उकरता येत नाही. आणि "आमची तोंडी वाटणी झाली होती" हा बचाव सहजासहजी चालत नाही, त्याला सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो. शिवाय हे सगळं वडिलोपार्जित एकत्र मिळकतीचं. बापाने स्वतः कमावून घेतलेलं वावर मृत्युपत्राविना मागे राहिलं तर मुलीचा वाटा १९५६ पासूनच मुलाएवढा आहे. म्हणजे भांडण बहिणीच्या हक्काचं असलं, तरी पहिला प्रश्न मिळकत कोणत्या प्रकारची, हा.

दाखला तपासताना तीन गोष्टी पाहायच्या: न्यायालय कोणतं, न्यायमूर्ती किती, आणि नंतर त्याच विषयावर मोठ्या पीठाने काही म्हटलं का. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेला कायदा सगळ्यांना बांधतो. नागपूर खंडपीठ हे मुंबई उच्च न्यायालयाचाच भाग, त्यामुळे त्याचा निकाल कोल्हापूरच्या कनिष्ठ कोर्टालाही तितकाच लागू. शेजारच्या तालुक्यातल्या दिवाणी कोर्टाचा निकाल मात्र दाखला म्हणून फिरवू नका, तो त्या दोघांपुरता. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर काही निकालांचे मराठी अनुवाद मिळतात. समजून घ्यायला उत्तम, पण कोर्टात इंग्रजी मूळच धरतात.

तक्रार एक, कलमं दोन

"वावरात जायला रस्ता नाही जी." हे वाक्य घेऊन आलेल्या माणसाला मी उलट विचारतो: रस्ता होता आणि अडवला, की नव्हताच? होता आणि अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदारांकडे जायचं. नव्हताच, आणि बंडी (बैलगाडी) न्यायला धुऱ्याधुऱ्याने हवा असेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. पहिल्यात वहिवाट आणि अडथळ्याची तारीख शाबित करावी लागते, दुसऱ्यात गरज. तहसीलदारांचा आदेश वाचताना वरच्या बाजूला कलम कोणतं लिहिलं आहे ते आधी बघा. अर्जात १४३ आणि आदेशात कलम ५ ची भाषा, असे आदेश मी पाहिले आहेत, आणि ते वर टिकत नाहीत. कलम १४३ च्या आदेशाविरुद्ध वर्षाच्या आत दिवाणी दावाही टाकता येतो, पण दावा टाकला की महसुली अपिलाचा मार्ग बंद होतो. कुठल्या दारातून जायचं ते दारात उभं राहूनच ठरवा.

फेरफाराच्या निकालांचंही असंच. मंडळ अधिकारी, एसडीओ (उपविभागीय अधिकारी), वरचं अपील असं तीन ठिकाणी जिंकून आलेला माणूस म्हणतो, मालकी ठरली. सातबारा आणि फेरफार महसूल गोळा करायच्या नोंदी आहेत. त्या खऱ्या असल्याचं उलट शाबित होईपर्यंत धरतात, पण मालकी ठरवायचं काम दिवाणी कोर्टाचं.

आता दिवस मोजा

विश्लेषण झालं, कच्चा दुवा सापडला, पुढे काय? आपल्या थोरल्या भावाला जिल्हा न्यायालयात पहिलं अपील करता येईल. तिथे पुरावा पुन्हा तपासला जातो आणि कोर्ट कमिशनरची मागणीही करता येते, मिळेलच असं नाही. त्यानंतर नागपूरला दुसरं अपील करायचं तर कायद्याचा ठोस प्रश्न लागतो, "साक्षीदारावर विश्वास ठेवायला हवा होता" एवढ्याने दार उघडत नाही. अपील न करता तोच दावा नव्याने टाकायचा विचार मनातून काढून टाका, एकदा ठरलेला मुद्दा त्याच दोघांत पुन्हा उघडता येत नाही. धाकट्यानेही जिंकलो म्हणून निजू नये. मालकीचा निष्कर्ष त्याच्या विरुद्ध गेला आहे, आणि थोरल्याचं अपील आलं तर त्याला त्यावर उलट हरकत घेता येते.

जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस असतात. निकालाचा दिवस धरत नाहीत आणि नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वजा होतात. नकलेच्या मागच्या शिक्क्यात तारखा असतात: अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी. समजा निकाल ४ मार्चला लागला, अर्ज ११ मार्चला केला, नक्कल २५ मार्चला तयार झाली. नुसते तीस दिवस ३ एप्रिलला संपतात. ११ ते २५ हे पंधरा दिवस वाढून मिळतात, म्हणजे १८ एप्रिल. पण नक्कल २५ मार्चला तयार असून तुम्ही सोयाबीनच्या पैशाची वाट पाहत ती मे महिन्यात उचलली, तर मधले दिवस वजा होत नाहीत, ते तुमच्याच अंगावर पडतात. शिक्क्यातली "तयार" ही तारीख लाल पेनने गोल करून ठेवा.